अजिंठा: 40 माणसं, 15 मिनिटं आणि दाराबाहेर राहिलेले

अजिंठ्याच्या 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांत एका वेळी जास्तीत जास्त 40 माणसं सोडायची आणि 15 मिनिटांनी बाहेर काढायची, असा दंडक आहे. चित्रांच्या जिवासाठी तो केलाय आणि तो रास्त आहे. प्रश्न त्या 40 जणांत कोण असतं, हा आहे. गुडघे गेलेली आजी असते का? चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी असतो का? नजर मंद झालेले निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांनी वर्गात आयुष्यभर अजिंठ्याच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र दाखवलं, ते असतात का?

हा विषय काढला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं. चित्रं नाजूक आहेत, सगळ्यांना आत न्यायचं म्हटलं तर चित्रं राहणार नाहीत. जबाबदारीने काम करणारी माणसं हे बोलतात, म्हणून ते खोडून काढताना जपून बोलावं लागतं. तरीही मला ते पटत नाही. गर्दी आणि सुगम्यता (म्हणजे प्रत्येकाला तिथवर पोचता आणि पाहता येणं) या दोन गोष्टी आपण एकाच पोत्यात भरल्या आहेत. चित्रांना धोका गर्दीचा आहे. पाय किंवा डोळे साथ देत नाहीत अशा माणसाला आत नेण्याचा धोका कितपत आहे, याचा हिशेब वेगळा मांडायला हवा. अजिंठ्याचं प्रकरण त्यासाठी चांगलं आहे, कारण इथे गेली दोनशे वर्षं 'दाखवायचं' आणि 'राखायचं' यांची ओढाताण चालू आहे आणि तिचे वळ भिंतींवर दिसतात.

जागा

वाघूर नदीने कापलेल्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यात 30 लेणी आहेत. जुनी कोरणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातली; नंतरची, म्हणजे ज्या चित्रांसाठी जग इथे येतं ती, पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. 1983 मध्ये भारतातली पहिली ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याच्या किल्ल्याबरोबर अजिंठा होतं.

एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. आज आपण ज्या वाटेने लेणं क्रमांक 1 पासून 26 पर्यंत सलग चालत जातो, ती कड्याच्या पोटातली बांधीव वाट आधुनिक आहे. भिक्षूंच्या काळी प्रत्येक लेण्याला नदीतून वर येणारा स्वतःचा जिना होता. ते जिने बहुतेक ढासळले. 16 व्या लेण्याकडे वर जाताना दोन्ही अंगांना हत्ती कोरलेले दिसतात, त्यावरून त्या जुन्या चढणीची थोडी कल्पना येते. म्हणजे चालत्या माणसासाठी मूळ रचनेत मोठा बदल आपण केव्हाच करून बसलो आहोत. कठडे घातले, पायऱ्या बांधल्या, फरसबंदी केली. त्याला कुणी वारशाची हानी म्हणत नाही, कारण त्याशिवाय लेणी पाहताच आली नसती. हाच न्याय पुढच्या माणसाला लावायची वेळ आली की मात्र मूळ स्वरूपाची आठवण होते.

चित्र कशावर उभं आहे

अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर रंग मुरवून केलेली नाहीत. बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा, गवत, वनस्पतींचे धागे. वर बारीक गिलाव्याचा दुसरा थर. त्यावर पांढरा पातळ हात. आणि तो सुकल्यावर डिंक-सरसासारख्या बांधणीत कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा रंग तेवढा लांबून आलेल्या लाजवर्दाचा.

म्हणजे चित्राखाली माती आहे आणि मातीत काडीकचरा आहे. हवेत ओल वाढली की माती फुगते, हवा कोरडी झाली की आकसते. हे वर्षानुवर्षं चाललं की गिलावा खडकापासून सुटतो. बाहेरून चित्र जसंच्या तसं दिसतं आणि आत पोकळी असते. मातीतला कोंडा कसरीला आणि इतर किड्यांना आवडतो. पावसाळ्यात वरच्या खडकाच्या भेगांतून पाणी झिरपतं आणि क्षार घेऊन येतं. वटवाघळांची घाण हा आणखी एक जुना शत्रू. या यादीत पाहुण्याचा वाटाही आहे. माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण 50 ग्रॅम पाण्याची वाफ हवेत सोडतो. 40 माणसं 15 मिनिटं आत उभी राहिली की अर्धा लिटर पाणी त्या बंदिस्त हवेत गेलं. दिवसभरात अशा किती तुकड्या आत जातात, त्यावर पुढचा आकडा ठरतो. शिवाय अंगाची उष्णता, पायांबरोबर आलेली धूळ, श्रावणात भिजलेले कपडे. 40 आणि 15 हे आकडे या मातीसाठी आले आहेत.

दाखवण्याच्या हौसेने झालेलं नुकसान

28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या मागावर इथे पोचला आणि 10 व्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरं आज आपल्या डोक्याच्या वर आहेत. तो उभा होता तेव्हा खाली शतकानुशतकांचा राडारोडा साचलेला होता. त्या खांबावर आधीपासून चित्र होतं.

मग प्रती करणाऱ्यांची रांग लागली. रॉबर्ट गिल 1844 मध्ये आला आणि वर्षानुवर्षं अजिंठा गावात राहून नकला करत राहिला. गिल आणि पारो यांच्या प्रेमाची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते. त्या नकलांचं काय झालं हे कमी जणांना ठाऊक असतं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या आणि 1866 च्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपले विद्यार्थी घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातले. तीही मेहनत मोठ्या प्रमाणात 1885 मध्ये लंडनमध्येच जळाली. नक्कल करताना रंग नीट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फिरवलं गेलं. ते त्या दिवसापुरतं चमकलं असेल, पुढे त्याचा काळपट पडदा झाला.

निजामाच्या पुरातत्त्व विभागाने, गुलाम यझदानी संचालक असताना, 1920 ते 1922 या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटत आलेले पोपडे त्यांनी बसवले, त्यामुळे बरंच चित्र वाचलं, हे मान्यच करायला हवं. पण वर दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळा पडला, तडकला, धूळ धरून बसला. अलीकडे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर इंचाइंचाने उतरवावा लागला आहे.

लोकांना चित्र पाहता यावं, टिकावं, या चांगल्या हेतूनेच या गोष्टी झाल्या. म्हणून अजिंठ्यात काम करणारा संवर्धक कुठल्याही नव्या 'सोयी'कडे संशयाने पाहतो. त्याला अडमुठा म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या हाताखाली तो पिवळा थर आहे. 'परत काढता येईल तेवढंच करा' हा संवर्धनाचा नियम त्याने अनुभवातून घेतलाय.

बस, चढण, डोली, अंधार

या शतकाच्या सुरुवातीला एक मोठा निर्णय झाला. खासगी गाड्या लेण्यांच्या पायथ्याशी येणं बंद झालं. फर्दापूरजवळच्या टी पॉइंटवर गाड्या थांबतात, दुकानंही तिकडेच गेली आणि शेवटचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. जपानच्या कर्जातून राबवलेल्या अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पाच्या काळातला हा बदल. त्या प्रकल्पाचा पहिला टप्पा 1992 मध्ये, दुसरा 2003 मध्ये सुरू झाला. रस्ते, विमानतळ, झाडी, पाणीपुरवठा, लेण्यांचं संवर्धन, सगळं त्यात होतं. धूर, हॉर्न आणि बाजार दरीबाहेर गेला, हे फार चांगलं झालं. ती दरी आज श्वास घेते.

पण याच निर्णयाने चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाची वाट चार किलोमीटरने लांबली. पूर्वी त्याची गाडी पायथ्यापर्यंत जायची. आता मध्ये बस आली, आणि बसच्या दाराला पायऱ्या असतील तर खुर्चीची वाट तिथेच संपली. अजिंठ्यात पाच दुवे आहेत: टी पॉइंट, बस, तिकीट खिडकीपासूनची चढण, कड्यावरची वाट आणि लेण्याचा उंबरा. यातला एक जरी दुवा तुटला तरी बाकीच्या चारांवर केलेला खर्च वाया.

चढण हा सर्वांत कठीण दुवा. तिथे आजवरचं उत्तर म्हणजे डोली. खुर्चीला दोन दांडे, चार गडी. 'दादा, आजींना डोली लागंल का?' असं विचारत ते पुढे येतात, भाव ठरतो, खुर्ची उचलली जाते. पंचक्रोशीतली ही माणसं, उन्हातान्हात एकमेकांची पावलं जुळवत पायऱ्या चढतात. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच वाटतो. डोलीत बसलेल्या माणसाची अवस्था पाहिली आहे का? बहुतेक जण दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरतात आणि नजर खाली ठेवतात. येणारेजाणारे थांबून पाहतात, कुणी फोटो काढतं. वर पोचल्यावर लेण्याच्या दाराशी डोली टेकते. आत? आत दोन नातलगांच्या खांद्यावर हात टाकून जायचं, नाहीतर बाहेर ओसरीत बसायचं. 'तुम्ही बघून या, मी बसते इथं,' हे वाक्य त्या ओसरीत रोज ऐकू येत असणार. शंभर किलोमीटरवरून, छत्रपती संभाजीनगरहून, फक्त ओसरी पाहायला यायचं, याला सुगम्यता म्हणता येणार नाही.

आत गेलेल्यांचंही एक ऐका. चित्रांसाठी प्रकाश मंद ठेवावा लागतो. जगभरची संग्रहालयं नाजूक रंगांसाठी 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास थांबतात. बाहेर मराठवाड्याचं ऊन, आत सांजवेळ. तरुण डोळ्यालासुद्धा या बदलाला सरावायला काही मिनिटं लागतात. साठी-सत्तरीच्या डोळ्याला त्याहून जास्त, मोतीबिंदू असेल तर विचारूच नका. शिवाय चपला काढायच्या, उंबरा ओलांडायचा, ओबडधोबड जमिनीवर पाऊल चाचपायचं. पहिल्या लेण्याचा मंडप जवळजवळ 20 मीटर लांब-रुंद आहे आणि पद्मपाणी त्याच्या मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला. हळू चालणारी बाई तिथवर पोचेपर्यंत आणि तिचे डोळे उघडेपर्यंत पंधरातली आठ-दहा मिनिटं गेलेली असतात. घड्याळ सगळ्यांना सारखं आणि दर्शन मात्र अर्ध्या जणांनाच, असा हा प्रकार होतो.

माणूस-मिनिटांचा हिशेब

मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा एका साध्या गुणाकारात आहे. 40 माणसं गुणिले 15 मिनिटं म्हणजे 600 माणूस-मिनिटं. लेण्यातल्या हवेवर पडणारा भार मोजायचा तर हा आकडा घेऊन मोजता येतो, कारण वाफ आणि उष्णता माणसांच्या संख्येवर आणि ते किती वेळ थांबले यावर अवलंबून असते.

आता दिवसाची पहिली एक वेळ राखून ठेवा. सकाळी ऊन चढायच्या आधी, 12 माणसं, 45 मिनिटं. त्यात खुर्चीवरचे असोत, काठीवाले असोत, अंध असोत, सोबत मदतनीस धरून 12. झाली 540 माणूस-मिनिटं. नेहमीच्या एका तुकडीपेक्षा कमी. चित्राने एक श्वाससुद्धा जास्त घेतला नाही आणि त्या बारा जणांना तिप्पट वेळ मिळाला. हळू चालायला, डोळे सरावायला, टेकायला.

कुणी म्हणेल, एवढा वेळ राखला तर तेवढ्यात जाणाऱ्या तीन तुकड्या कमी होतील, रांग वाढेल. वाढेल. दिवाळीच्या सुट्टीत तर नक्कीच. ती किंमत रांगेत उभ्या असलेल्या धडधाकट माणसाने मोजावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आज ती किंमत ओसरीत बसलेली आजी मोजते आहे.

चाकांचं काय? खडकाला रबरी चाकाने काही होत नाही. भीती आहे ती भिंतीला आणि खांबांना घासण्याची, कारण खांबांवर आणि छतावरही रंग आहे. वळताना खुर्चीचं हँडल किंवा पाय ठेवायची पट्टी चुकून लागली तर पोपडा पडायला तेवढं पुरे. यावर उपाय आहेत. लेण्याच्या आत बाहेरची खुर्ची न आणता तिथेच ठेवलेली, कडांना मऊ आवरण असलेली अरुंद खुर्ची वापरायची. ढकलणारा माणूस प्रशिक्षित असायचा. जाण्याचा मार्ग आखलेला असायचा. आणि हे काम डोलीवाल्यांना द्यावं. कोणत्या पायरीला घसरण आहे, कुठे वाट अरुंद आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? उद्या रॅम्प झाला आणि डोली बंद पडली तर त्या घरांचं काय, याचं उत्तरही त्यात आहे. हे उत्तर आराखड्यात आधीपासून नसेल तर रॅम्पला पहिला विरोध गावातून होईल, आणि तो रास्त असेल.

रॅम्प आणि कायदा

व्हीलचेअरसाठी उताराचं प्रमाण एकास बारा मानतात. म्हणजे दर मीटर उंचीला 12 मीटर लांबी, शिवाय मध्ये मध्ये विसाव्याचे सपाट टप्पे. पूर्ण चढणीला असा रॅम्प काढायचा तर तो कड्यावर लांबच लांब नागमोडी ओरखडा होईल. तसं करू नये. समोरच्या टेकडीवरच्या व्ह्यू पॉइंटवरून लेण्यांची ती कमान पाहिलेल्या कुणालाही ते सहन होणार नाही, आणि खडकही आधीच भेगाळलेला आहे.

कायदाही सोपा नाही. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार स्मारकापासून 100 मीटर क्षेत्रात नव्या बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या 200 मीटरवर नियंत्रण. दुसऱ्या बाजूला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सुगम करायला सांगतो, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात, सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक न राहता बंधनकारक हवेत, असं बजावलं. दोन्ही कायदे संसदेचे, दोन्ही आपले. एक दाखवून दुसरा टाळायचा, असं होता कामा नये.

यातून वाट काढणारा एक अनुभव दिल्लीत आहे. जानेवारी 2001 मध्ये चाकाच्या खुर्चीवरचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. त्यांना दिल्लीतल्या वास्तू पाहायच्या होत्या. दिव्यांग हक्कांसाठी लढणारे जावेद आबिदी यांनी तो विषय लावून धरला आणि कुतुबमिनार, लाल किल्ला, हुमायूनचा मकबरा आणि जंतरमंतर इथे पुरातत्त्व खात्याने तात्पुरते लाकडी रॅम्प बसवले. वास्तूंना ओरखडा उठला नाही. पाहुणा गेल्यावर रॅम्प काढलेही गेले, आणि ते वाईट झालं. पण दोन गोष्टी कायमच्या सिद्ध झाल्या. खिळा न ठोकता रॅम्प बसवता येतो, आणि मनात आलं की सरकारी खातं चटकन हलतं. कुतुबमिनारसारख्या ठिकाणी पुढे कायमची सोय झाली.

अजिंठ्यात याचा अर्थ काय घ्यायचा? सगळ्या 30 लेण्यांपर्यंत चाक नेण्याचा हट्ट सोडायचा. लेणं क्रमांक 1 चढणीनंतर लगेच लागतं आणि तिथे पद्मपाणी आहे, वज्रपाणी आहे, महाजनक जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एक गोष्ट, आहे. त्या एका लेण्यापर्यंतची वाट पूर्ण करायची. उंबऱ्यावर खडकाला न चिकटवता, नुसता टेकवलेला, संध्याकाळी उचलून ठेवता येणारा रॅम्प. चढणीसाठी दरीकडून न दिसेल अशा बाजूला, खोदकाम टाळून, रुळावर सरकणारं छोटं व्यासपीठ शक्य आहे का हे भूगर्भतज्ज्ञांनी तपासावं. 2022 मध्ये वेरूळच्या कैलास लेण्यासाठी लहानशा लिफ्टचा प्रस्ताव खुद्द पुरातत्त्व खात्याकडूनच पुढे आला होता, त्यामुळे यंत्राचं नाव काढलं की पाप, असं आता कुणी मानत नसावं. तज्ज्ञ नाही म्हणाले तर डोली राहील, पण मग ती आजच्यापेक्षा बरी हवी: पट्टे असलेली, पाठीला आधार देणारी, ठरलेल्या दराची आणि दाराशी न थांबता आतल्या खुर्चीशी जोडलेली.

प्रतिकृती: बरोबर कल्पना, उपेक्षित अंमल

टी पॉइंटजवळ पर्यटक केंद्र आहे. त्यात 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या पूर्ण मापाच्या प्रतिकृती उभारल्या आहेत. जपानी कर्जातल्या प्रकल्पाचाच हा भाग. 2013 मध्ये केंद्र सुरू झालं. कल्पना उत्तम होती. पुढे काही वर्षांतच वीज-पाण्याची थकबाकी आणि केंद्र बंद, अशा बातम्या वाचायला मिळाल्या. कोट्यवधींची इमारत बिलापायी कुलपात जाते, तेव्हा ज्याच्यासाठी ती एकमेव वाट होती त्याच्यासाठी अजिंठाच बंद होतं. बाकीचे बसमध्ये बसून वर जातात. त्यांना फरक पडत नाही. म्हणूनच बहुधा त्यावर मोठी ओरड झाली नाही.

जगात प्रतिकृतीचे दोन नमुने आहेत. फ्रान्समधली लास्को गुहा लोकांसाठी 1948 मध्ये उघडली आणि श्वासाने, दिव्यांनी भिंतींवर शेवाळ धरल्यामुळे 1963 मध्ये बंद करावी लागली. 1983 मध्ये शेजारी प्रतिकृती झाली, 2016 मध्ये आणखी मोठी. तिथे सगळ्यांनाच प्रतिकृती पाहावी लागते, श्रीमंताला आणि गरिबालाही, चालणाऱ्याला आणि न चालणाऱ्यालाही. चीनमधलं दुनहुआंग आपल्याला जास्त जवळचं, कारण तिथेही बौद्ध चित्रं आहेत आणि तीही मातीच्या गिलाव्यावर. 2014 पासून तिथे नेहमीच्या तिकिटावर येणारा प्रत्येक जण आधी लांबच्या केंद्रात जातो, मोठ्या पडद्यावर गुहांचे चित्रपट पाहतो आणि मग बसने जाऊन मोजक्या गुहा पाहतो. अशी तिकिटं दिवसाला 6,000 वर बांधलेली. आतल्या हवेची ओल मोजली जाते आणि ती मर्यादेपलीकडे गेली की गुहा बंद ठेवतात.

आपल्याकडे केंद्र वाटेतच आहे, बस तिथूनच सुटते. तरी ते सगळ्यांच्या वाटेवरचं पहिलं ठिकाण झालं नाही. ज्यांना वर जमत नाही त्यांनी इथे थांबा, असा त्याचा सूर राहिला आणि म्हणून ते दुय्यम ठरलं. प्रत्येक तिकिटात ते धरा. आधी तिथे उजेडात, बसून, जातकाची गोष्ट ऐकत चित्र पाहू दे. मग वर 15 मिनिटांत माणूस गोंधळत नाही, काय शोधायचं हे त्याला माहीत असतं. धडधाकट माणसालाही हे हवं आहे. आणि केंद्र सगळ्यांच्या वाटेवर आलं की त्याचं बिल थकणार नाही.

हाताने आणि कानाने

अंध माणसाला चित्र काय दाखवणार, असं विचारणारे भेटतात. अजिंठ्याची चित्रं म्हणजे गोष्टी आहेत. 17 व्या लेण्यात विश्वंतर राजपुत्र सगळं दान करून घराबाहेर पडतो, सिंहलाची जहाजं निघतात. 16 व्यात, भिक्षू झालेल्या नंदाच्या, म्हणजे बुद्धाच्या सावत्र भावाच्या, विरहाने त्याची पत्नी कोसळते. गोष्ट कानाने कळते, ही आपल्या कीर्तनाची भूमी आहे, इथे ते वेगळं सांगायला नको. फक्त वर्णन नेमकं हवं. 'पद्मपाणी हे अत्यंत सुंदर चित्र आहे' याने काही पोचत नाही. असं काही पोचेल:

'तुमच्या समोर, माणसाच्या मापापेक्षा मोठा एक तरुण उभा आहे. मान त्याच्या उजव्या खांद्याकडे कलली आहे, कंबर दुसरीकडे झुकली आहे, सगळं अंग वेलीसारखं तीन ठिकाणी वळलं आहे. डोक्यावर उंच, बारीक नक्षीचा मुकुट. गळ्यात मोत्यांचा सर. उजव्या हाताच्या बोटांत एक कमळ, इतक्या हलक्या हाताने धरलेलं की देठ सुटेल असं वाटतं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. तो तुमच्याकडे पाहत नाही. मागे खडकांत माकडं आहेत, मोर आहेत.'

असं मराठीतलं ध्वनिवर्णन, सोबत प्रतिकृतीच्या दालनात हाताने चाचपता येईल असं उठावाचं चित्र: मुकुट, मान, कमळ धरलेली बोटं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 पासून 'अनुभव' नावाचं स्पर्शदालन आहे, त्यामुळे हे आपल्या देशात न झालेलं काम नाही. कर्णबधिरांसाठी हीच गोष्ट खुणांच्या भाषेत ध्वनिमुद्रणाऐवजी चित्रफितीवर. खर्च त्यामानाने किरकोळ आहे. मूळ चित्राला यातलं काहीही स्पर्श करत नाही.

26 व्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांब मूर्ती आहे. तिथे रंगाची अडचण नाही म्हणून हात लावू द्यावा, असा मोह होतो. लाखो हातांचा घाम दगडालाही झिजवतो, तेव्हा तिचीही हाताळायची छोटी प्रत करावी. पण त्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूपाच्या प्रार्थनामंडपात, अंध पाहुण्याला नेऊन दोन मिनिटं शांत उभं करावं. कमानीखाली आवाज कसा फिरतो, हे डोळे असणाऱ्यांना बहुधा ऐकूच येत नाही.

कुठून सुरुवात

लेणी सोमवारी बंद असतात. चाचणीसाठी तोच दिवस घ्यावा. लेणं क्रमांक 1 मध्ये ओल, तापमान आणि कर्बवायू मोजणारी यंत्रं लावावीत. एका सोमवारी 40 जणांची तुकडी 15 मिनिटं आत ठेवावी, पुढच्या सोमवारी 12 जणांची 45 मिनिटं, त्यात खुर्चीवरचे चार तरी हवेत. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. प्रत्येक वेळी हवा पूर्वपदावर यायला किती वेळ लागला ते नोंदवावं, खुर्ची कुठे अडली, कुठे घासली असती, तेही. टी पॉइंटपासून उंबऱ्यापर्यंतचे पाचही दुवे त्याच माणसांनी तपासावेत, त्यांच्या वतीने दुसऱ्याने नाही. आकडे पुरातत्त्व खात्याच्या संवर्धकांच्या हाती द्यावेत आणि जाहीरही करावेत. आकडा विरुद्ध गेला तर माझा गुणाकार चुकला असं मी म्हणेन आणि 12 चे 8 करा, असं सुचवेन.